शिकवण्याचे साहित्य सगळ्यांना देता येते. शिकवणे कसे द्यायचे?

मध्यगा (धागाकर्ती)

नमस्कार. मी पदवीच्या वर्गांना संख्याशास्त्र शिकवते. गेले वर्षभर मनात घोळत असलेला एक प्रश्न आज इथे मांडते आहे. इथे वेगवेगळे विषय शिकवणारी मंडळी आहेत, आणि माझ्या विभागात हा विषय काढला की चर्चा पाचव्या मिनिटाला प्रोजेक्टरच्या वायरवर येऊन थांबते.

विश्वास्यता अंतराल, म्हणजे वर्गात ज्याला आपण सर्रास कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतो (नमुन्यावरून खरी सरासरी कुठून कुठपर्यंत असावी हे सांगणारा पल्ला), ही कल्पना शिकवायला मी एक स्प्रेडशीट तयार केली आहे. माध्य (सरासरी) ५० आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) १० असलेल्या समष्टीतून, म्हणजे आकड्यांच्या संपूर्ण संचातून, २५-२५ निरीक्षणांचे १०० नमुने ती काढते, प्रत्येक नमुन्यावरून निघणारा ९५ टक्के अंतराल एका आडव्या रेघेने दाखवते, आणि ५० वरच्या उभ्या रेषेला जी रेघ गाठत नाही ती लाल होते. एफ-९ ची कळ दाबली की सगळे १०० नमुने नव्याने निघतात.

पण तासाचा जीव त्या फाइलमध्ये नाही. कळ दाबण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या वहीत लिहायचे असते की किती रेघा लाल होतील. बहुतेक जण ५ लिहितात. पहिल्या वेळी २ येतात, पुढच्या वेळी ८, आणि कुजबुज सुरू होते. (नेमक्या ५ लाल रेघा येण्याची शक्यता तशी १८ टक्क्यांच्याच आसपास असते.) मग मी एका लाल रेघेवर बोट ठेवून विचारते, "या नमुन्यात काय चुकले?" त्यानंतर जी शांतता पसरते, तिच्यासाठीच हा सारा खटाटोप आहे. काहीच चुकलेले नसते. नमुना काढण्याची रीत तीच आणि सूत्रही तेच. शेवटी मी चित्र झाकते आणि सांगते की खऱ्या सर्वेक्षणात तुमच्या हाती यांतली एकच रेघ येणार आहे आणि तिला रंग नसणार आहे.

ही फाइल मी आमच्या विभागाच्या पानावर मुक्त परवान्यासह ठेवली. आठ महिन्यांनी दुसऱ्या एका महाविद्यालयातील प्राध्यापकांचा निरोप आला: "फाइल उत्तम आहे, पडद्यावर दाखवली, विद्यार्थ्यांना रंग आवडले." त्यांचा हेतू चांगलाच होता, पण मला मात्र तो निरोप वाचून खट्टू व्हायला झाले. मी इतरांना नेमके काय वाटून दिले होते? वहीत आधी लिहायला लावणे, तो प्रश्न, ती शांतता, यांतले काहीच फाइलबरोबर गेले नव्हते. तंत्रज्ञानाच्या आधाराने शिकवण्याच्या आपल्या पद्धती इतरांना वापरता येतील अशा रीतीने द्यायच्या कशा? आपल्यापैकी कोणी ते केले आहे का?

शेवटचा बाक

रंग आवडले हे आपण कमी लेखू नये. माझ्या विद्यार्थिदशेत संख्याशास्त्राच्या तासाला कोणाला काहीही आवडल्याची नोंद उपलब्ध नाही.

प्रयोगवही

मध्यगा, तुम्ही ज्या जागी अडला आहात तिथे मोठमोठ्या संस्थाही अडल्या होत्या. एमआयटीने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य जालावर विनामूल्य ठेवण्याची घोषणा २००१ साली केली, आणि २००७ पर्यंत सुमारे १,८०० अभ्यासक्रम तिथे आले. पाठटिपणे, स्वाध्याय, परीक्षेचे प्रश्न असे सगळे होते. मी स्वतः त्यातले भौतिकशास्त्राचे स्वाध्याय वर्षानुवर्षे वापरले. परंतु तो अभ्यासक्रम त्या प्राध्यापकांनी वर्गात कसा चालवला, कोणता स्वाध्याय फसला, गटचर्चेला किती वेळ दिला, हे त्या टिपणांवरून समजायचे नाही. पुढे त्यांनीच काही अभ्यासक्रमांना एक वेगळे पान जोडले, ज्यात शिकवणारी व्यक्ती आपण हे कसे आणि का शिकवले ते सांगते. साहित्य देऊन झाल्यावर काय राहून गेले ते त्यांना उमगले असावे, असे मी समजतो.

दुसरे उदाहरण कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट सदृशीकरणांचे, म्हणजे संगणकावर करून पाहायच्या आभासी प्रयोगांचे. नोबेल पारितोषिकविजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली हा प्रकल्प सुरू केला. तिथे प्रत्येक सदृशीकरणाबरोबर शिक्षकांसाठी सूचना आहेत, आणि जगभरच्या शिक्षकांनी आपापल्या वर्गासाठी तयार केलेल्या कृतीही आहेत. विद्युतमंडलाचे सदृशीकरण मी पहिल्यांदा वापरले तेव्हा तुमच्या त्या प्राध्यापकांसारखेच केले होते. मोठ्या पडद्यावर दिवे लावले आणि विझवले, विद्यार्थ्यांनी कौतुकाने पाहिले, आणि परीक्षेत पुन्हा तेच लिहिले की पहिला दिवा थोडा प्रवाह "खाऊन टाकतो". पुढच्या वर्षी तिथल्याच एका अनोळखी शिक्षकाची दोन पानी कृती वाचली. त्यात एकच सूचना ठळक होती: दिवे जोडण्याआधी कोणता अधिक उजळ असेल ते प्रत्येकाने लिहून शेजाऱ्याला पटवून द्यावे. तेवढ्या एका ओळीने माझा तास बदलला. ती ओळ कोणीतरी लिहून ठेवली होती, म्हणून माझ्यापर्यंत पोहोचली.

निरुत्तर

प्रयोगवही यांचा अनुभव मोलाचा आहे, तरीही माझे मत वेगळे आहे. मी २६ वर्षे इतिहास शिकवतो आहे. शिकवणे ही हस्तांतर करण्याजोगी वस्तू आहे, हे गृहीतकच मला मान्य नाही. मध्यगा यांच्या वर्गात जी शांतता पसरते ती त्यांची आहे. त्यांचा आवाज, त्यांचा वर्गाशी असलेला संबंध, त्या विद्यार्थ्यांची आधीची तयारी, हे सगळे त्या शांततेच्या मागे उभे असते. "येथे दहा सेकंद शांत राहावे" अशी सूचना लिहून दिली तर दुसऱ्याच्या वर्गात त्या दहा सेकंदांत लोक मोबाइल काढतील.

मुक्त शिक्षणाच्या चळवळीतले डेव्हिड वायली यांनीच ही अडचण पूर्वी सांगून ठेवली आहे. साहित्य जितके एखाद्या विशिष्ट वर्गाला धरून केलेले असते तितके ते तिथे परिणामकारक ठरते, आणि तितकेच ते दुसरीकडे नेणे अवघड होते. संदर्भ काढून टाकला तर ते कुठेही नेता येते, पण मग त्यात शिकवण्यासारखे फारसे उरत नाही. चळवळीचा खंदा पुरस्कर्ता हे म्हणतो, तेव्हा आपण ते कानाआड करू नये.

अर्धविराम

निरुत्तर सर, तुमचे म्हणणे अर्धे पटते. पण वायली यांनी त्या पेचातून वाटही सुचवली आहे आणि ती परवान्यात आहे: घेणाऱ्याला बदल करण्याची मुभा असेल तर संदर्भ पुसून टाकण्याची गरज राहत नाही, तो आपला संदर्भ त्या जागी घालू शकतो.

मी भाषा आणि लेखनकौशल्य शिकवते. माझा अनुभव सांगते. आम्ही सामाईक दस्तऐवजावर एकमेकांच्या निबंधांना समासात अभिप्राय देण्याचा उपक्रम केला. पहिल्या वर्षी तो सपशेल फसला. "छान लिहिले आहे" आणि "अजून चांगले होऊ शकते" यांपलीकडे कोणी काही लिहीना. दुसऱ्या वर्षी मी नियम केला की अभिप्राय प्रश्नाच्या रूपातच द्यायचा आणि तो निबंधातल्या एका विशिष्ट वाक्याला जोडूनच द्यायचा. मग हळूहळू "इथे 'म्हणून' का? आधीच्या वाक्यात कारण दिसत नाही" अशा टिपा येऊ लागल्या.

हे दोन्ही वर्षांचे टिपण मी इतर शिक्षकांना दिले. त्यांपैकी ज्यांनी उपक्रम करून पाहिला, त्यांनी सगळ्यांनी फसलेल्या वर्षाबद्दल प्रश्न विचारले. यशाचे वर्णन त्यांनी वाचून सोडून दिले होते. फसलेल्या वर्षात त्यांना स्वतःचा वर्ग दिसत होता.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९९३ साली एक निरीक्षण मांडले होते, ते इथे आठवते. अध्यापनाच्या पेशात येताना त्यांना वाटले होते की संशोधन एकट्याने करायचे असते आणि शिकवणे चारचौघांत असते. प्रत्यक्षात उलटे निघाले. संशोधनाला परिषदा, नियतकालिके, परीक्षक, वाद घालणारे समव्यवसायी असे सगळे असते. वर्गाचे दार लावले की शिकवणारा एकटा. निरुत्तर सर, २६ वर्षांत तुमच्या तासाला किती सहकारी येऊन बसले?

निरुत्तर

दोन. त्यांपैकी एक चुकून आले होते.

तळटीप

मूळ प्रश्नाकडे येण्यापूर्वी मला एक लहानशी चौकशी करायची आहे. मध्यगा, "मुक्त परवाना" म्हणजे नेमका कोणता? आपले साहित्य इतरांनी कसे वापरावे हे सांगणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे (सीसी) सहा परवाने आहेत आणि ते सगळे सारखे मुक्त नाहीत.

मध्यगा (धागाकर्ती)

सीसी बाय-एनसी-एनडी. श्रेय द्यावे, व्यापारी वापर करू नये, बदल करू नये. यादीत तो सर्वांत सुरक्षित वाटला.

तळटीप

मला तीच शंका होती. सुरक्षित आहे खरा, पण कुलूप सुरक्षित असते त्या अर्थाने. एनडी म्हणजे बदललेली प्रत कोणालाही इतरांना देता येणार नाही. कोणी तुमच्या स्प्रेडशीटमधल्या सूचना आपल्या विद्यार्थ्यांच्या भाषेत केल्या, २५ च्या जागी ४० निरीक्षणे घेतली, तर ती प्रत त्याने स्वतःपुरती ठेवायची. वायली यांनी मुक्त साहित्याच्या कसोटीसाठी पाच क्रिया सांगितल्या आहेत: प्रत जवळ ठेवणे, वापरणे, बदलणे, दुसऱ्या साहित्यात मिसळणे आणि पुढे वाटणे. एनडी लावला की यांतल्या बदलण्याला आणि मिसळण्याला अर्थच उरत नाही. युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने २०१९ साली मुक्त शैक्षणिक संसाधनांविषयी जी शिफारस स्वीकारली, तिच्या व्याख्येतही साहित्यात बदल करून ते पुढे देण्याची मुभा अंतर्भूत आहे. त्यामुळे तुमची फाइल विनामूल्य आहे, पण मुक्त म्हणता येणार नाही.

एनसीबद्दल मात्र प्रामाणिक मतभेद आहेत. एमआयटीचे ते साहित्यसुद्धा एनसी-एसए परवान्याखाली आहे (एसए म्हणजे बदललेली प्रतही त्याच परवान्याखाली द्यायची). व्यापारी वापर कोणता, हे वापरणाऱ्यापेक्षा वापराच्या हेतूवरून ठरते, आणि कडेच्या उदाहरणांत भलेभले गोंधळतात. शिवाय बाय-एसए आणि बाय-एनसी-एसए अशी दोन परवान्यांची साहित्ये एकत्र करून नवे साहित्य काढता येत नाही, कारण दोन्ही परवाने आपापली अट पुढे चालू ठेवायला सांगतात. माझा सल्ला साध्या सीसी बायचा, म्हणजे फक्त श्रेय देण्याच्या अटीचा. आणि फाइलमध्ये मॅक्रो किंवा संगणकीय आज्ञावली असेल तर तिला सॉफ्टवेअरचा वेगळा परवाना द्या. क्रिएटिव्ह कॉमन्स स्वतःच आपले परवाने सॉफ्टवेअरसाठी वापरू नका असे सांगते.

आणखी एक गोष्ट: नोकरीत असताना केलेल्या साहित्याचा हक्क शिक्षकाचा की संस्थेचा, हे नेमणुकीच्या अटींवर अवलंबून असते. परवाना देण्याआधी तो कागद एकदा वाचावा.

मध्यगा (धागाकर्ती)

म्हणजे मी आठ महिने दार उघडे आहे असे सांगत होते आणि कडी आतून लावलेली होती. परवाना आजच बदलते. नेमणुकीचा कागद शोधायला थोडा अधिक वेळ लागेल.

कपाटकिल्ली

मी ग्रंथालयात काम करते, त्यामुळे माझे लक्ष फाइल कुठे ठेवली आहे याकडे गेले. विभागाचे पान ही सर्वांत बेभरवशाची जागा. संकेतस्थळाची नवी रचना झाली की जुने दुवे मरतात, आणि ती रचना दर तीन-चार वर्षांनी होतेच.

खास या कामासाठी बांधलेली भांडारेही चिरंजीव नसतात. ब्रिटनमध्ये जोरम नावाचे अध्यापनसाहित्याचे राष्ट्रीय भांडार होते. ते २०१६ साली बंद झाले. तंत्राचेही तेच. फ्लॅशवर केलेली कितीतरी उत्तम सदृशीकरणे २०२० च्या अखेरीस अडोबीने फ्लॅशचा आधार काढल्यावर एका रात्रीत निरुपयोगी झाली. ज्यांचा मूळ स्रोत उपलब्ध होता आणि ज्यांच्यामागे माणसे होती, ती एचटीएमएल-५ मध्ये पुन्हा लिहिली गेली. प्रयोगवही यांनी सांगितलेली फेट त्यांपैकीच. बाकीच्यांची फक्त चित्रे उरली.

म्हणून मी शिक्षकांना तीन गोष्टींचा आग्रह करते. एक प्रत कायमस्वरूपी ओळख-क्रमांक देणाऱ्या भांडारात ठेवा. सर्न या युरोपातील संशोधनसंस्थेने चालवलेले झेनोडो विनामूल्य आहे, डीओआय नावाचा असा क्रमांक देते आणि प्रत्येक नव्या आवृत्तीची नोंद ठेवते. केवळ पीडीएफ ठेवू नका, जिच्यात बदल करता येईल अशी मूळ फाइल ठेवा. आणि वर्णनाच्या चौकटीत "संख्याशास्त्र, युनिट ४" असे लिहू नका. युनिट ४ मध्ये काय आहे हे तुमच्या विद्यापीठाबाहेर कोणाला ठाऊक नसते, आणि शोधयंत्राला तर नाहीच. "९५ टक्के अंतरालाचा अर्थ, विद्यार्थ्यांचा नेहमीचा गैरसमज, ५० मिनिटांची वर्गकृती" असे लिहिले तर ज्याला गरज आहे त्याला सापडेल.

शेवटचा बाक

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या सर्व फाइलींची नावे "अंतिम", "अंतिम-२" आणि "खरेच अंतिम" अशी आहेत. ओळख-क्रमांकाची कल्पना त्यांच्यापर्यंत पोहोचवतो.

नवशिकी

मी या पेशात नवी आहे, दुसरेच सत्र चालू आहे. हा धागा वाचून मध्यगा मॅडमची फाइल काल उतरवली आणि आज लगेच वर्गात वापरली, त्यामुळे ताजा वृत्तान्त देते.

आमच्या वर्गात प्रोजेक्टर बंद होता, म्हणून मी फाइल विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर पाठवली. सगळ्यांनी ती स्प्रेडशीटच्या ॲपमध्ये उघडली, वहीत आकडे लिहिले, आणि मी मोठ्या रुबाबात म्हणाले, "आता एफ-९ दाबा." मोबाइलला एफ-९ नसतो. साठ जणांचा वर्ग आपापल्या पडद्यावर ती कळ शोधत होता आणि मी फळ्याकडे पाठ करून उभी होते.

शेवटी एका विद्यार्थिनीने रिकाम्या घरात काहीतरी टाइप केले आणि तिच्या रेघा बदलल्या. कोणत्याही घरात काहीही बदलले की यादृच्छिक आकडे पुन्हा काढले जातात, हे तिने शोधून काढले. मग सगळ्यांनी तेच केले. गंमत अशी की त्यामुळे प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगवेगळ्या रेघा होत्या. एकीकडे ३ लाल, शेजारी ९. "तुझ्याकडे बरोबर आहे की माझ्याकडे?" हा वाद आपोआप सुरू झाला, मला प्रश्न विचारावाच लागला नाही. पडद्यावर एकच चित्र असते तर हे झाले नसते असे वाटते.

"या नमुन्यात काय चुकले?" या प्रश्नाला मात्र शांतता पसरली नाही. एकाने लगेच सांगितले, "नमुना लहान आहे." त्यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. मॅडम, तुम्ही काय म्हणता अशा वेळी?

मध्यगा (धागाकर्ती)

नवशिकी, तुमचा वृत्तान्त मी तीनदा वाचला. मोबाइलचा विचार मी कधी केलाच नव्हता. पुढच्या आवृत्तीत खूण करण्याची एक चौकट ठेवते. तिच्यावर टिचकी मारली की रेघा बदलतील.

"नमुना लहान आहे" हे उत्तर माझ्याकडेही येते. मी तेव्हा २५ च्या जागी ४०० करून दाखवते. रेघा आखूड होतात, पण लाल रेघांचे प्रमाण साधारण तितकेच राहते. हे धाग्याच्या पहिल्या मजकुरात मी लिहिलेच नव्हते, कारण माझ्या लेखी ते इतके नित्याचे आहे की सांगावे असे वाटलेच नाही. तुम्ही विचारले नसते तर ते माझ्या डोक्यातच राहिले असते.

निरुत्तर

नवशिकी यांच्या वर्गात जे घडले ते मध्यगा यांच्या वर्गापेक्षा वेगळे घडले, हे माझ्याच म्हणण्याला पुष्टी देणारे आहे. मात्र ते वाईट घडले नाही, हेही नमूद करतो.

आता मला या प्रश्नाची दुसरी बाजू मांडू द्या, कारण आतापर्यंत कोणी वेळेबद्दल बोललेले नाही. एका तासाची अशी नोंद करायची, परवाना लावायचा, भांडारात ठेवायची, आलेल्या शंकांना उत्तरे द्यायची, हे सारे कोणाच्या वेळात? बढतीच्या अर्जात शोधनिबंधांना रकाना असतो. दुसऱ्या शिक्षकाने माझी पद्धत वापरली, याला रकाना नसतो. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० साली विद्वत्तेचे चार प्रकार मांडले आणि त्यांत अध्यापनाला संशोधनाच्या पंगतीत बसवले. तेव्हापासून परिषदांमध्ये त्याचे दाखले दिले जातात, आणि निवड समित्या निबंधच मोजतात. तरुण प्राध्यापकांना "वाटत राहा" असे सांगणे सोपे आहे, त्याची किंमत तेच मोजतात.

अर्धविराम

निरुत्तर सरांच्या या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढेच सांगते की नोंद तासानंतरच्या पंधरा मिनिटांत केली तर ती होते, सत्राच्या शेवटी करू म्हटले तर होत नाही. माझे टिपण दीड पानाचे असते. त्यापेक्षा लांब टिपण मी लिहिले तरी कोणी वाचत नाही, आणि खरे तर मीसुद्धा वाचत नाही.

तासाचे चित्रण करून टाकणे त्याहून सोपे आहे असे अनेकांना वाटते. मी ते एकदा केले आणि सोडून दिले. पन्नास मिनिटांची फीत पाहायला पन्नास मिनिटे लागतात, आणि शिकवणाऱ्याच्या मनात काय चालले होते ते तिच्यात दिसत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चुकीचे उत्तर देणारा विद्यार्थी तिच्यात कायमचा चुकीचे उत्तर देत राहतो. त्याच्या संमतीशिवाय ते जालावर ठेवणे योग्य नाही, आणि गुण ज्याच्या हाती आहेत त्या शिक्षकाने मागितलेली संमती कितपत मोकळी असते, याचाही विचार व्हावा.

शेवटचा बाक

एक गंभीर प्रतिसाद देतो, सदस्यांनी दचकू नये. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना सांगितले की ती दोन मिनिटांत पाठटिपणे, वीस प्रश्न आणि अशी एखादी स्प्रेडशीटही करून देतात. म्हणजे साहित्याची टंचाई होती म्हणून ते वाटायचे, हे कारण हळूहळू संपत चालले आहे. "मोबाइलला एफ-९ नसतो" आणि "नमुना लहान आहे असे उत्तर येते" हे मात्र त्या वर्गात उभे राहिलेल्या माणसालाच ठाऊक असते. वाटायचेच असेल तर ते वाटावे, असे माझे मत झाले आहे.

प्रयोगवही

शेवटचा बाक यांच्याशी सहमत.

नोंदीच्या स्वरूपाबद्दल थोडेसे. सायप्रसमधल्या लर्नाका येथे २०१२ साली काही शिक्षणतज्ज्ञ जमले होते. त्यांच्या जाहीरनाम्यात संगीताच्या स्वरलेखनाची उपमा आहे. स्वरलेखन म्हणजे संगीत नव्हे, आणि त्यावरून वाजवणारे दोन कलावंत सारखे वाजवत नाहीत, तरी त्यामुळे एकाची रचना दुसऱ्याला वाजवता येते. शिकवण्यासाठी असे काही लेखन असावे, हा त्यांचा विचार. निरुत्तर सरांचा आक्षेप मला या उपमेत बसवता येतो: शांतता लिहिता येत नाही, पण ती कोणत्या प्रश्नानंतर अपेक्षित आहे ते लिहिता येते.

हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मॅझर यांच्या समवयस्क-अध्यापनाच्या पद्धतीचा इतका प्रसार झाला त्याचे एक कारण मला हेच वाटते. प्रश्न दाखवा, प्रत्येकाने एकट्याने मत नोंदवावे, बरोबर उत्तरे साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतील तर शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा मत. कमी असतील तर विषय पुन्हा समजवा, जास्त असतील तर पुढे चला. हार्वर्डच्या वर्गासाठी तयार झालेली पद्धत या दोन-चार ओळींत मावते, आणि मतदान यंत्रावर घ्या की हात वर करून, ती चालते.

वर्तुळपाद

मी इथे सहसा वाचतोच. पण मध्यगा यांची फाइल उतरवून पाहिली आणि एक गोष्ट खटकली, ती सांगणे भाग आहे.

मी रेघा दोनशे वेळा बदलून लाल रेघांची मोजणी केली, म्हणजे एकंदर २०,००० अंतराल. लाल रेघा पाच टक्क्यांपेक्षा सातत्याने जास्त येतात, सहा टक्क्यांच्याही किंचित वर. तो योगायोग म्हणता येणार नाही. मग सूत्र उघडून पाहिले. प्रत्येक नमुन्याचे प्रमाण विचलन तुम्ही त्याच नमुन्यावरून काढता, आणि त्यावरून निघणाऱ्या प्रमाण त्रुटीला (नमुन्यागणिक माध्य किती हलते त्याच्या मापाला) १.९६ ने गुणता. समष्टीचे प्रमाण विचलन १० हे थेट वापरले असते तर १.९६ बरोबर होते. नमुन्यावरून काढायचे तर २५ निरीक्षणांसाठी, २४ स्वातंत्र्यमात्रांच्या (निरीक्षणांपेक्षा एक कमी) टी-वितरणानुसार, किंचित मोठा गुणक, २.०६४, हवा. सध्या तुमच्या रेघा नावाला ९५ टक्के आहेत, प्रत्यक्षात ९४ च्याही थोड्या खाली.

तासाच्या उद्देशाला यामुळे फारशी बाधा येत नाही. पण एखादा चिकाटीचा विद्यार्थी माझ्यासारखी मोजदाद करत बसला, तर तो म्हणेल की सिद्धान्तच चुकला.

मध्यगा (धागाकर्ती)

वर्तुळपाद, तुमचे बरोबर आहे. आत्ता फाइल उघडून पाहिली. हीच चूक उत्तरपत्रिकेत दिसली की मी गुण कापते.

चार वर्षे ही फाइल मी वापरते आहे. चार वर्षांत हे माझ्या लक्षात आले नाही, विद्यार्थ्यांच्या आले नाही, आणि उतरवून घेणाऱ्या कोणी आले असेल तरी सांगितले नाही. एनडी परवान्यामुळे दुरुस्त केलेली प्रत कोणाला पुढे देताही आली नसती. प्रतिसाद वाचल्यावर पहिल्या क्षणी कानशिले तापली, हे लपवत नाही.

आता दुरुस्ती केली आहे, आणि फाइलच्या पहिल्याच पानावर तासाची नोंद लिहिली आहे. ती इथेही देते:

"कशासाठी: ९५ टक्के ही अंतराल काढण्याच्या रीतीची खात्री आहे, हाती आलेल्या एका अंतरालाची नव्हे, हे उमगण्यासाठी. आधी हवे: नमुना-माध्य आणि प्रमाण त्रुटी. रेघा बदलण्याआधी प्रत्येकाने लाल रेघांचा अंदाज वहीत लिहावा. ही पायरी गाळल्यास उरलेला तास केवळ रंगीत चित्र ठरतो. पाच-सहा वेळा बदलून झाल्यावर एका लाल रेघेबद्दल विचारावे: या नमुन्यात काय चुकले? 'नमुना लहान आहे' असे उत्तर आल्यास २५ च्या जागी ४०० करावे. प्रोजेक्टर नसल्यास मोबाइलवर करावे. तिथे प्रत्येकाच्या रेघा वेगळ्या येतात आणि वाद अधिक रंगतो. काय फसले: पहिल्या वर्षी मीच अंदाज सांगून टाकला होता, त्यानंतर कोणी पडद्याकडे पाहिले नाही. दुसऱ्या आवृत्तीत १.९६ च्या जागी टी-मूल्य घेतले आहे. चूक एका वाचकाने दाखवली. परवाना: सीसी बाय."

निरुत्तर

नोंद वाचली. शिकवणे हस्तांतरित होत नाही, हे माझे मत कायम आहे. तरी "या नमुन्यात काय चुकले?" हा प्रश्न मी घेतो आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या वर्गापुढे एकाच घटनेची सहा समकालीन पत्रे ठेवणार आहे. त्यांतले एक बाकीच्यांशी अजिबात जुळत नाही. विद्यार्थी नेहमी म्हणतात की लिहिणारा खोटे बोलतो आहे. या वेळी पत्रे वाचण्यापूर्वी, सहांपैकी किती जुळतील ते वहीत लिहायला लावेन. कसे झाले ते इथे येऊन सांगेन, फसले तरी.

अर्धविराम

फसले तर जरूर सांगा, सर.

नवशिकी

मॅडम, आज नवी आवृत्ती दुसऱ्या तुकडीला दाखवली, चौकट मोबाइलवर नीट चालते. एक अडचण राहिली. तास संपल्यावर एक विद्यार्थी थांबला आणि हळूच म्हणाला की त्याला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. आपल्या बाकीच्या रेघा हिरव्या आहेत. तासभर तो शेजारच्याच्या सांगण्यावरून मोजत होता.

कपाटकिल्ली

संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी मार्गदर्शक सूचनांत याचसाठी नियम आहे की माहिती केवळ रंगातून देऊ नये. रंगाबरोबर आकार, जाडी किंवा अक्षर असावे.

मध्यगा (धागाकर्ती)

उभ्या रेषेला न गाठणाऱ्या रेघा आता जाड आणि तुटक केल्या आहेत, आणि टोकाला फुलीही घातली आहे. बाकीच्या राखाडी आहेत. तिसरी आवृत्ती ठेवली. नवशिकी, त्या विद्यार्थ्याला एकदा दाखवून विचाराल का?